अप्पांचा काटा खरा होता

हे आजवर एकाही पत्रकात आलं नाही. येणार कसं—आमच्या शेतकऱ्यांच्या संघटनेची पत्रकं मीच लिहितो.

बाजारात वजनात लूट होते, हे मी आजही चौकात उभं राहून सांगेन. म्हणून तर आम्ही आमचा इलेक्ट्रॉनिक काटा बनवला: पोतं आधी आमच्या काट्यावर, मग आडत्याच्या. आतला प्रोग्राम माझा. पहिली तपासणी ताडकळसच्या आठवडी बाजारात, मन्मथअप्पांच्या आडतीवर. सोयाबीनचं प्रत्येक पोतं आमच्याकडे जास्त भरलं, त्यांच्याकडे कमी. लगेच पत्रक काढलं, नावानिशी. मथळा—'काटामार अप्पा'.

आता थोडं तांत्रिक बोलतो. ऐकाच, कारण खोट तिथंच आहे.

वजन वाचणारा तुकडा मी थेट असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहून सी भाषेतल्या प्रोग्रामच्या मधोमध बसवला होता. प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर अशा तुकड्याच्या आत डोकावत नाही. आत काय जातं, बाहेर काय येतं, तुकडा मेमरीत परस्पर काही बदलतो का—हे लिहिणाऱ्यानं सांगायचं, आणि कंपायलरनं त्यावर विश्वास ठेवायचा. एकाच पोत्याचं वजन काट्यानं अनेकदा वाचून सरासरी दाखवायची होती, आणि माझा तुकडा दर वेळी मेमरीत नवं वजन ठेवायचा. मी ते सांगितलंच नव्हतं. मग कंपायलरनं काय करावं? मेमरीत काही बदलत नाही असं धरून त्यानं पहिलाच आकडा हाताशी ठेवला आणि पुढं प्रत्येक वेळी तोच वापरला. सरासरी म्हणून दिसायचा तो नुसता पहिला आकडा. खोलीवर मी वजनं अलगद ठेवून तपासली होती, बरोबर आली. बाजारात हमाल खांद्यावरून पोतं धप्पकन टाकतो. पहिला आकडा त्या दणक्याचा, म्हणून फुगलेला.

चूक कुणाचीही होते, म्हणाल. थांबा—मी कबूल करतोय ते हे नाही.

पुढच्या बाजाराच्या आधीच मला ती सापडली. एक शब्द राहिला होता—'मेमरी'. तो घातला, सगळ्या काट्यांत नवा प्रोग्राम भरला. कार्यकर्त्यांना सांगितलं, बॅटरी वाचावी म्हणून. आणि मग, सगळं माहीत असताना, भर बाजारात अप्पा समोर आले. वजनमापवाल्या साहेबांकडून काटा तपासून, शिक्का मारून आणला होता. "बघ की बाबा, तुझ्या डोळ्यानं बघ."

मी काय केलं? माईकवरून विचारलं, "साहेबाला नुसता चहा पाजला, का जेवू घातलं, अप्पा?"

लोक लय हसले. पुढं इतर दुकानांत वजनं जुळायला लागली, तर आमच्या धाकानं आडते सुधारले, असंही मीच छापलं.

भ्यालो होतो का? नाही. नीट हिशेब केला होता. खरं बोललो असतो तर चळवळ बसली असती, आणि—चळवळ कशाला, माझं नाव गेलं असतं. त्यापुढं एका म्हाताऱ्याची आडत मला किरकोळ वाटली.

अप्पांनी आडत बंद केली. आता गंगाखेडला लेकीकडे राहतात. मागे तिथल्या एसटी स्टँडवर भेटले.

"तुझी मशीन चालायलीय का रं?"

चालायलीय, म्हणालो.

"नीट?"

नीट, म्हणालो. त्यांनी मान हलवली, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर मला जागा करून दिली. परभणीची गाडी येईपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसलो.