कोऱ्या पानावरून दिलेला निकाल

अरबी हस्तलिखितांचा कागद, शाई, शिवण कशी तपासायची, ते मी परगावी शिकून आले होते. सुट्टीत भिलाईला आले तेव्हा ते ज्ञान कुठंतरी वापरायची भारी घाई झाली होती.

बाबांचे पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधले जुने सोबती तिथल्याच कॅम्प-१ वस्तीत राहायचे. मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांच्याकडे अरबी कवितांचं एक हस्तलिखित होतं. चाचांच्या पणजोबांनी ते स्वतः उतरवलं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत. शेवटचं पान गहाळ होतं, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव नाही, साल नाही.

"तुम पढ़ी-लिखी हो बेटा, तुम बताओ," चाचा म्हणाले. शेजारी त्यांची थोरली बहीण बसली होती. सगळे तिला आपा म्हणत. तिला फारसं दिसत नसे. तिने चामड्याच्या वेष्टनावर तळवा टेकवून ठेवला होता.

मी पहिलंच कोरं पान खिडकीच्या उजेडात धरलं. कागदाच्या आत कागद-गिरणीची खूण दिसली, इंग्रजी अक्षरांची. तो कागद पणजोबांच्या नंतरचा होता. चहा यायच्या आत मी सांगून टाकलं, "चाचा, ये उनके हाथ की नहीं हो सकती."

"अच्छा?" म्हणून चाचा हसले. आपाने हात उचलून मांडीवर घेतला.

हिवाळ्यात आईचा फोन आला. "तुया चाचायनं नात्यातल्या भर लग्नात सांगतलं, त्या पुस्तकाबद्दल आमी आजवर खोटं बोलत होतो म्हून. सगळ्यायची माफी मागतली." मला तेव्हा चक्क बरं वाटलं होतं. पुरावा मानणारा माणूस, म्हणून.

दोन वर्षांनी एका ग्रंथालयात दुसरंच पुस्तक हाताळताना माझी चूक लक्षात आली. बांधणी नव्याने करताना कारागीर पुढेमागे नवी कोरी पानं जोडतात. हे मला शिकवलेलंही होतं. मी चाचांच्या पुस्तकाचं तेवढं एकच पान पाहिलं होतं.

तरी आठ महिने मी चाचांकडे गेले नाही. घरी आले की आई म्हणायची, "कावून जाऊन नाही राहिली त्यायच्याकडे?" मी म्हणायची, काम आहे.

शेवटी गेले. या खेपेला प्रत्येक पान पाहिलं. आतला कागद जाड, हातानं बनवलेला, घोटून गुळगुळीत केलेला, आणि त्यात कुठलीच खूण नव्हती. नव्या शिवणीशेजारी जुन्या शिवणीची भोकं स्पष्ट दिसत होती. म्हणजे बांधणी नंतरची होती, लेखन जुनं.

मी म्हटलं, "चाचा, ग़लती मेरी थी. हाथ उन्हीं का है, ये नहीं कह सकती. लेकिन काग़ज़ उनके ज़माने का हो सकता है."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "दो महीने पहले आतीं, तो आपा सुन लेतीं. आख़िर तक पूछती रहीं, फिर किसके हाथ की है?"

त्यांनी कागद पुढे केला, "लिख दो." मी लिहून खाली सही केली. त्यांनी त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. लगेच एका पुतण्याने विचारलं, "तो झूठ कौन-सा था, पहलेवाला या ये?"

चाचांनी मोबाइल पालथा ठेवला आणि मला जेवून जायला सांगितलं. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.