सगळे ठिपके सक्करदऱ्याला

आधीच सांगून ठेवते, मी गणितवाली मुलगी आहे. नजर लागणं, अंगात येणं... असलं काही कोणी सुरू केलं की माझं डोकं फिरतं. हॉस्टेलवर भुताच्या गप्पा रंगल्या की मी उशी उचलून दुसऱ्या खोलीत जायची. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण कुठंतरी बोलायला हवं, नाहीतर डोकं फुटेल.

मी नागपूरला बीएस्सी करत होते, कॉम्प्युटर सायन्स आणि कॉम्प्युटेशनल मॅथ्स. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला माझी पार्टनर रश्मी. महाल भागात राहणारी, शांत, मी कितीही तडतड केली तरी ऐकून घेणारी. तिचे बाबा सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले आणि हळूहळू सगळं विसरत चाललेले. जेवलो की नाही, हेही त्यांना आठवायचं नाही. ते एकटे बाहेर पडले तर परत येतील का, ही धास्ती त्या घरात कायम असायची.

आमच्या प्रोजेक्टला वर्गात सगळे 'बेवडा' म्हणायचे. कारण काम तसंच होतं. शहराचा नकाशा कॉम्प्युटरमध्ये घातलेला, आणि एक माणूस रश्मीच्या घराजवळच्या चौकातून निघतो. प्रत्येक चौकात कुठं वळायचं ते कॉम्प्युटर रँडम, म्हणजे बेवड्याच्या झोकांड्यांसारखं कसंही, ठरवतो. तो शेवटी जिथं थांबेल तिथं एक ठिपका. अशी हजारो माणसं सोडली की ठिपके चहूकडे विखुरतात.

डेमोच्या दिवशी सकाळी लॅब उघडल्या उघडल्या मी प्रोग्राम चालवला... आणि सगळे ठिपके एकाच जागी. सक्करदरा तलावाजवळचा एक चौक. बाकी नकाशा कोरा.

मी रश्मीवर भडकलेच. रँडम आकडे काढायला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला सीड म्हणतात. आम्ही घड्याळातली वेळ द्यायचो. पण ती एकदाच द्यायची. चुकून लूपच्या आत, म्हणजे प्रत्येक माणसासाठी पुन्हा पुन्हा दिली, तर हजारो माणसं एकाच सेकंदात सुटत असल्यानं प्रत्येकाला तीच वेळ मिळते आणि सगळे एकामागे एक त्याच गल्लीत शिरतात. फर्स्ट इयरची पोरं हमखास ही चूक करतात. म्हटलं, हिनंच हात लावला असणार. पण बघते तर ती ओळ लूपच्या बाहेरच होती. आणि चूक असतीच, तरी पुन्हा चालवल्यावर वेळ बदलते, म्हणजे चौकही बदलायला हवा ना? परत परत चालवला, दुसऱ्या पीसीवर नेला — तोच चौक. सर येऊन बघून गेले, म्हणाले, सीडचाच घोळ आहे, दुपारपर्यंत निस्तरा नाहीतर डेमो विसरा.

आमचं डोकं खाजवणं चालूच होतं, तेवढ्यात रश्मीच्या आईचा फोन आला. बाबा घरात नाहीत. काकू स्वयंपाकघरात होत्या तेवढ्यात कुठं निघून गेले कळलंच नाही. शेजारचे लोक बाजार, देऊळ, जुनं ऑफिस, सगळीकडे पाहून आले होते. रश्मी तिथंच लॅबच्या पायरीवर बसली. मला काही सुचेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चल, सक्करदऱ्याले पाहून येऊ."

तिनं काहून म्हणूनही विचारलं नाही. आम्ही गाडी काढली.

काका त्याच चौकात होते. एका बंद दुकानाच्या पायरीवर, चपला बाजूला काढून, निवांत बसलेले. रश्मी त्यांच्या गळ्यात पडून रडली. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू. जरा शांत झाल्यावर तिनं विचारलं, इतक्या दूर कसे आले, इकडे तर आपलं कोणीच नाही.

काका म्हणाले, "मी कुठं आलो वं बाई... परत्येक चौकात कोणीतरी सांगून राहिलं होतं, आता इकडे वळ, आता तिकडे वळ. इथं आलो तं म्हणे, थांब."

त्यांना घरी सोडून आम्ही लॅबमध्ये परतलो. एक अक्षर न बदलता प्रोग्राम चालवला, तर ठिपके शहरभर. सरांनी "झालं ना नीट?" म्हणत चांगले मार्क दिले. नंतर नोकरीत कितीतरी सीनियर लोकांना तो कोड दाखवलाय. कोणालाही त्यात चूक सापडत नाही.

रश्मी म्हणते, त्या प्रोग्रामनं बाबा शोधून दिले. मलाही तसंच मानायला आवडलं असतं. पण मी नंतर काकूंना खोदून खोदून विचारलं. मी सकाळी पहिल्यांदा प्रोग्राम चालवला, तेव्हा काका घरीच होते. ओट्यावर बसून चहा पीत होते.

गेल्या आठवड्यात रश्मीचा फोन आला. बाबा पुन्हा निघून गेले, तो प्रोग्राम चालव ना वं. मी नाही म्हटलं. ती रडली, मग आयुष्यात पहिल्यांदा मला वाट्टेल ते बोलली. संध्याकाळी काका शेजाऱ्यांना सापडले, सुखरूप आहेत, पण ती माझ्याशी बोलत नाही. मी तिला कारण सांगितलेलं नाही. काय सांगू... की तुझ्या बाबांना त्या दिवशी आपणच तिकडे नेलं असेल? खरं काय ते मला आजही माहीत नाही. कृपा करून खाली कोणी 'एकदा चालवून तर बघ' असं सुचवू नका. मी चालवणार नाही.