सोयरिकीची बॅग

पिशवी उपडी केली की तळातून काय काय निघतं. एसटीची जुनी तिकिटं, सुपारीचा चुरा, कोणाच्या तरी लग्नातल्या अक्षता. किस्से असेच साचतात, कोणी मुद्दाम ठेवत नाही. माझ्या तळाशी अक्षता थोड्या आणि लाज जास्त निघाली, एवढंच.

आर्वीच्या बसस्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात आम्ही तिघं-चौघं म्हातारे बाजाराच्या दिवशी बसतो. काम म्हणाल तर सोयरिकी जुळवायचं. या घरचा बायोडाटा त्या घरी पोचवायचा, त्या घरचा निरोप या घरी आणायचा. चहा मिळाला की आमचं भागलं. मी चौथी शिकलेला. वाचता येतं, पण बोट ठेवून, हळूहळू. म्हणून कागद मी फोटोवरून ओळखतो.

* * *

आधी माझ्याजवळ कापडी थैली होती. एकदा बाजार करून तसाच सिंदी रेल्वे या गावी एका घरी गेलो. बैठक भरली होती. मी थैलीत हात घातला आणि मुलीचा फोटो काढून मुलाच्या आईच्या हातात दिला. मुलीच्या गालावर कोथिंबिरीचं ओलं पान चिकटलेलं.

मुलाच्या आईनं ते नखानं काढलं. पानाखाली गालाचा रंग उडाला होता. ती शांतपणे म्हणाली, "पोरगी चांगली हाय, भाऊजी. पण बाजारातून आणली काय?"

बैठक हसली. मीही हसलो, आणि ते मला आजही टोचतं. त्या मुलीनं बहिणीची साडी मागून तो फोटो काढला होता. तिनं स्वतः मला सांगितलं होतं.

* * *

आमच्यातले पुंडलीकजी म्हणजे तोंडाचे तिखट. ते म्हणाले, "भाऊ, थैली फेका. ऑफिसातले लोक खांद्याले अडकवतात तशी बॅग घ्या. कप्प्याकप्प्याची."

ते स्वतः बॅग वापरायचे, पण ती फुकटातली. औषध कंपनीनं शेतकऱ्यांच्या मेळाव्यात वाटलेली. दिसायला झकास, हिरवीगार. ती घेऊन ते एका मुलीच्या घरी गेले आणि मुलाच्या घराण्याचं कौतुक करत बसले. मुलीचा बाप ऐकत होता, पण त्याची नजर बॅगेवर. शेवटी त्यानं मोठ्यानं वाचलं, "एकाच फवारणीत मुळासकट नायनाट."

ती सोयरीक काही जुळली नाही. पुंडलीकजी अजून दोष बॅगेलाच देतात!

* * *

मग आम्ही दोघं वर्ध्याला गेलो. दुकानदारानं विचारलं, काय ठेवायचं, लॅपटॉप की टिफिन? मी लाजून पुंडलीकजींकडे पाहिलं. पुंडलीकजी म्हणाले, "चाळीस पोरं आन सहा पोरी."

दुकानदार डगमगला नाही. म्हणाला, "मंग पोराईसाठी मोठा कप्पा लागन."

त्यानं दहा बॅगा काढल्या. एकीत कागद दुमडल्याशिवाय जाईना. एकीचा पट्टा खांद्यात रुतायचा. एक खाली ठेवली की आडवी पडायची. पुंडलीकजींनी मला दुकानात फरशीवर मांडी घालून बसवलं, कारण बैठकीत आपण असेच बसतो. बसल्या बसल्या एका हातानं कागद निघाला तीच बॅग घ्यायची. गिऱ्हाइकं वाकून पाहत होती. मी मान खाली घालून कागद आत-बाहेर करत होतो.

शेवटी राखाडी रंगाची एक जमली. समोर झाकण, आत तीन कप्पे. दुकानदारानं बॅग उलटी करून पाठीच्या शिवणीत लपलेली चेन दाखवली. म्हणाला, हा चोरकप्पा, कोणाला सांगू नका. घरी आल्यावर मी पुष्कळ शोधला. मलाच सापडला नाही. परत जाऊन विचारायची लाज वाटली.

* * *

झाकणाला चपलेला असते तशी चिकटपट्टी होती. ओढली की चर्र असा आवाज. दुकानात तो कळला नाही, बाहेर रस्ता वाहत होता.

पहिल्याच बैठकीत मुलीला आणून बसवलं होतं. सगळे गप्प. मी हळूच झाकण ओढलं. चर्र!

घरचे आजोबा दचकून उठले आणि आपला पायजमा मागून चाचपू लागले.

* * *

कप्प्यांची माझी एक रीत होती. पुढच्यात नवे कागद, मधल्यात बोलणी चाललेले, मागच्यात नकार आलेले. म्हणजे वाचायची कटकट नाही. हे कोणाला माहीत नाही असं मला वाटायचं.

गजानन नावाचा एक मुलगा आहे. छत्तीस वर्षांचा, मेहनती, निर्व्यसनी. तीन ठिकाणांहून नकार आला. एकदा हॉटेलात त्याच्यासमोरच मी त्याचा कागद मागच्या कप्प्यात सरकवला. तो चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "आबाजी, मले एकडाव पुढच्या कप्प्यात ठेवून पाहा ना."

 त्या दिवसापासून मागच्या कप्प्यात मी फक्त पाण्याची बाटली ठेवतो.

* * *

आता शंकररावांचा किस्सा. आर्वीजवळच्या खेड्यात त्यांची संत्र्याची बाग आहे. मुलगी वैशाली. मी गेलो तेव्हा ती ओसरीवर भरतीच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन बसली होती. शंकररावांनी तिचा बायोडाटा माझ्या हातात दिला, मी तो पुढच्या कप्प्यात ठेवला. मग ते मला बाग दाखवायला घेऊन गेले. बॅग ओसरीवरच राहिली. परत आलो, चहा घेतला, निघालो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर कागद नाही. तिन्ही कप्पे उलटे केले. वाटलं, माझंच डोकं चालत नाही, कुठंतरी देऊन बसलो. पुन्हा मागायची हिंमत झाली नाही. शंकररावांचा फोन आला की मी म्हणायचो, चालू हाय, पाहून राह्यले. असे आठ महिने गेले. पुढं पुढं तर त्यांचा फोन वाजला की मी तो बायकोच्या हातात द्यायचो आणि अंगणात जायचो.

मग बॅगेच्या मधल्या कप्प्याची चेन बिघडली. बसस्टँडसमोरच्या चेनवाल्यानं बॅग उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "बाबा, यात कोणाचा तरी फोटो हाय." चोरकप्पा! वैशालीचा कागद, एक घडी न पडलेला. घाईत माझ्याच हातानं गेला असेल, असं मी धरून चाललो.

बायको म्हणाली, जा आणि खरं सांगून या. गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. चेन कशी बिघडली, कागद कुठं निघाला, आणि आठ महिने मी खोटं बोललो हेही. वैशाली दारात उभी होती.

शंकररावांनी फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मामाजी, गाडी थांबली की मी फाटकाकडे पाहो. वाटे, पाहुणे आले."

मी कागद पुढे केला. ते म्हणाले, आता माझ्या डोळ्यांदेखत पुढच्या कप्प्यात ठेवा. मी ठेवला. आणखी एक फोटो आणतो म्हणून ते आत गेले.

वैशालीनं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. खाली बसून बॅग आपल्याकडं ओढली. चर्र आवाज होऊ नये म्हणून झाकण बोटानं दाबून अलगद उघडलं, पुढच्या कप्प्यातला कागद काढला, बॅग उलटी केली आणि पाठीच्या शिवणीतली चेन न शोधता एका झटक्यात उघडली. कागद आत सरकवला. चेन लावली. बॅग माझ्या गुडघ्याशी नीट उभी करून ठेवली.

आतून शंकररावांची पावलं वाजली. ती उठता उठता हळूच म्हणाली, "आबाजी, आता चेन सांभाळजा."