दारात बसलेला जॉबर

“बघा की! लाजायचं काय त्यात?” असं म्हणत त्याचा हात धोतराच्या गाठीकडे गेला, की नवी पेठेतल्या बायका पदर ओढून वाट बदलत.

तो सांगोल्याकडचा, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. पण मी त्याला ओळखू लागलो तेव्हा गिरणी सुटली होती आणि माझ्या कापडदुकानासमोरच्या वैद्याच्या पायरीवर तो दिवसभर बसून असे.

त्याचं कारण ऐका. त्याच्या एका अंडाला सुपारीएवढी कडक गाठ झाली. दुखत नव्हती, म्हणून लाजेपायी त्याने ती झाकली. वाढली तेव्हा वैद्याकडे आला. “पाणी भरलंय,” म्हणून वैद्याने सुई घातली. पाणी नाहीच, रक्त आलं. तरी पुन्हा घातली. पुढे दवाखान्यात अंड काढलं, पण कॅन्सर पोटात चढला होता. मुंबईला एक्स-रेचे किरण देऊन आणलं. पोटातला गोळा विरघळला, तोवर कॅन्सरने छाती धरली होती.

“डाक्टर म्हनला, सुई टोचायचीच न्हवती, तिनं रोग पसरतो,” तो मला म्हणाला. “माजं व्हायचं ते हुईल. पर ह्याची सुई मी बंद करनार.”

वैद्याकडे गिऱ्हाईक आलं की तो उठे. “गाठ हाय? दुकत न्हाय? मग दवाखान्यात जावा. न्हायतर ह्ये बघा!” एका विणकराने खरंच पाहिलं आणि चपला हातात घेऊन पळाला. आम्ही दुकानदार पोट धरून हसलो. तोही हसला, मग खोकत बसला. थुंकीत रक्त होतं. मी पाणी नेऊन दिलं.

शेवटी वैद्य नारळ घेऊन आला. “माफ करा जॉबर, चूक झाली.”

“सुई बंद करनार?”

“माझ्या पोटावर पाय देता का?”

“मग नारळ उचल.”

लोक म्हणाले, मरताना तरी मन मोठं करावं. का करावं? मला त्याचा अभिमान वाटला, अजून वाटतो.

अंथरूण धरल्यावर त्याने मला बोलावलं. “मालक, तिरडी त्येच्याच दारात टेकवा. खांदा तितं बदला.”

भर बाजारात आम्ही ती वैद्याच्या पायरीवर टेकवली. विसाव्याला खांदेकरी घटकाभर दम खातात. आम्ही चांगला पोटभर खाल्ला. आत दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी हात जोडले आणि आमच्याबरोबर बाहेर पडली. वैद्य सुई धरून उभाच राहिला.

थोडं पुढे गेल्यावर त्यांतल्या एकाने मला हळूच विचारलं, “दवाखाना कुटल्या अंगाला हाय?”