फिल्टरची नळी आणि घरमालकीणबाई

हार्डवेअरच्या दुकानात पांढऱ्या बारीक नळीचं वेटोळं दिसलं, की मला गंगापूर रोडवरचं आमचं भाड्याचं स्वयंपाकघर आठवतं. तिथं बोअरचं पाणी इतकं जड होतं की डाळ शिजायची नाही, म्हणून आम्ही फिल्टर घेतला. बसवायला आलेला मेकॅनिक म्हणाला, "वाया जाणाऱ्या पाण्याची नळी सिंकखालच्या पाइपात सोडावी लागेल. छोटंसं भोक पाडतो." खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाई दारातच उभ्या होत्या. "माझ्या पाइपाला भोक पाडायचं नाही," त्या म्हणाल्या. "काकू, मग नळी सिंकमध्येच सोडते." "नको, क्षाराचे डाग पडतात." शेवटी नळी ओट्याखालच्या बादलीत सोडली आणि मी त्या बादलीला बांधली गेले. फोडणी अर्धवट टाकून ती रिकामी करायची, पाहुण्यांना बोलत बसवून आत पळायचं. त्या पाण्यानं लादी पुसली, संडास धुतला, तरी बादली भरलेलीच. एका दुपारी माझा डोळा लागला. दारावरच्या थापांनी उठले तर पाय पाण्यात, आणि बाहेर काकू. त्यांच्या ओट्यावर छतातून पाणी ठिबकत होतं, तळायला काढलेल्या कुरडया भिजल्या होत्या. आता तरी भोक पाडू देतील, या आशेनं मी त्यांना आत नेऊन वाहणारी बादली दाखवली. त्यांनी ती नीट निरखली. "लहान आहे," त्या म्हणाल्या, "मोठी आणा." पुढच्याच महिन्यात आम्ही घर सोडलं.