पेटीत भाकरी होत नाही

कोठी भागातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी मायला विचारलं, "अम्मा, बिडी पीते क्या?" माय हसायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. मग मीच सांगितलं, बिडी नाही, चूल. वडील लवकर गेले. तेव्हापासून बरकतपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसून तिनं तीस वर्षं ज्वारीच्या भाकऱ्या भाजून विकल्या. त्यावरच मी शिकले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, बराच वेळ बघितला आणि घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं.

मशीन बसवणारा माणूस जाता जाता म्हणाला, "घर में आग नक्को. गॅस भी नक्को." आमचं घर म्हणजे एकच खोली, तिच्याच कोपऱ्यात ओटा. मी विजेची शेगडी आणली. दुसऱ्या दिवशी ती आणि मशीन एकदम चालू झाल्यावर फ्यूज उडाला आणि मशीन बंद पडलं. फ्यूज बांधेपर्यंत मायचे ओठ जांभळे झाले होते. मशीन परत सुरू झालं तरी तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. शेगडी मी त्याच दिवशी देऊन टाकली. घरमालकानं गच्चीवर सिलिंडर न्यायला परवानगी दिली नाही.

मग अफझलगंजच्या एका भांड्यांच्या दुकानातून मी सोलर कुकरची पेटी आणली. आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. सकाळी कामाला जाण्याआधी मी डाळ-तांदूळ काळ्या डब्यांत भरून ती गच्चीवर मांडायची. वरच्या मजल्यावरच्या शेजारीण खाला, माझ्या मायच्याच वयाच्या, दुपारी आरसा उन्हाकडे फिरवायच्या आणि मायला गरम गरम वाढायच्या. रताळी, वांगी, खिचडी, सगळं शिजायचं. एकदा मी रव्याचा केकही केला. मायनं चमचाभर खाल्ला आणि म्हणाली, "शिजलंय चांगलं. पण भाजलेलं कुठंच लागत नाही."

तिला भाकरी हवी होती. मी पेटीत करून पाहिली. दोन तास ठेवली तरी फुगली नाही, डाग पडला नाही, वाळून चामड्यासारखी झाली. मायनं ती दुधात कुस्करून खाल्ली, पण पुन्हा मागितली नाही. चार दिवस ती जेवलीच नाही म्हटलं तरी चालेल. "भूक नाही," एवढंच म्हणायची.

खालांकडे गच्चीवर आंघोळीचं पाणी तापवायला पत्र्याची एक लहान चूल होती. चार काटक्यांत पेटायची आणि एकदा धग धरली की धूर जवळजवळ नसायचाच. एका रविवारी मी तिच्यावर तवा ठेवला. पीठ मायनंच पलंगावर बसून मळून दिलं, मध्ये मध्ये थांबत. भाकरी फुगली. कोरडं फडकं गुंडाळून मी ती खाली आणली. तिनं पोपडा सोलला, वास घेतला आणि अर्धी भाकरी खाल्ली. मग म्हणाली, "तुझ्या अंगाला धूर नाही लागला."

"कमी धुराची चूल आहे, माय. काटक्याही थोड्याच लागतात."

"माझ्या वेळी नव्हती का गं असली?"

मी म्हणाले, "नव्हती."

होती. मी कॉलेजात असताना एका संस्थेच्या बायका आमच्या गल्लीत असल्या चुली घेऊन आल्या होत्या. माय दळण आणायला गेली होती. त्या म्हणाल्या, "अम्मांना दाखवू, महिनाभर वापरून बघू द्या." माझ्यासोबत वर्गातली एक मैत्रीण होती. भाकऱ्या विकणारीची मुलगी म्हणून कुणी मला ओळखलेलं मला चालत नव्हतं. मी त्या बायकांना म्हणाले, "आमच्याकडे गॅस येणार आहे. चूल नको." त्या पुढच्या घरी गेल्या. मायला मी काही सांगितलं नाही. घरात गॅस आला, पण भाकऱ्यांची चूल पुढंही लाकडांवरच चालली.

पुढच्या दोन रविवारी मी भाकरी केली. नंतर तिला घास गिळताना दम लागू लागला आणि ती पातळ वरणावर आली. श्रावणात आठवडाभर ऊन पडलं नाही. पेटीतली डाळ सकाळची संध्याकाळपर्यंत कच्ची राहायची. खाला त्यांच्या घरून वरण पाठवायच्या. त्या आठवड्यात गुरुवारी दुपारी माय गेली. मशीन चालूच होतं. ते बंद करायचं मला सुचलं नाही, खालांनी केलं.

तेरावं झाल्यावर मी परत पाठवलेल्या चुलीचं आणि मायला "नव्हती" म्हणाल्याचं खालांना सांगितलं. त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या.

मी विचारलं, "ती चूल असती तर माय वाचली असती का?"

"मेरे को क्या मालूम," त्या म्हणाल्या. दोरीवरच्या कपड्याला चिमटा लावून म्हणाल्या, "अम्मा पूछे तब बोलना था."

मी बादलीतला एक ओला टॉवेल उचलला आणि पिळून त्यांच्या हातात दिला.