काकांच्या आलेखाची कापलेली बाजू

माझे काका चष्म्याच्या काचा घासतात. दुपारच्या सुट्टीत दुकानाच्या गच्चीवर छोटी दुर्बीण लावून ते सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडतात आणि तिच्यातले डाग मोजतात. काकू म्हणते, "गिऱ्हाइकांच्या काचेवरचे पुसायचे आणि सूर्यावरचे मोजत बसायचे!"

सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात. गुरू ग्रहाची सूर्याभोवतीची फेरी बाराला थोडी कमी. म्हणजे गुरूच्या ओढीनेच डाग वाढत असणार, हे काकांनी तरुणपणी मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी त्यांनी छापील जुन्या नोंदींना आपली मोजणी जोडून शंभर वर्षांचा लांबलचक आलेख काढला. डागांची रेघ लाल, गुरूच्या ओढीची निळी; गुरू सूर्याजवळ आला की ती वर. डावीकडे दोन्ही बरोबरीने चढतात-उतरतात. पुढे निळी मागे पडत जाते, आणि उजव्या टोकाला लाल शिखरावर असताना निळी खड्ड्यात!

ते दिसल्यावर काकांनी सगळे आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाले, "नाही जुळत तर नाही. पण लोकांना दाखवायचं."

खगोल मंडळाने प्रदर्शनासाठी आलेख नेला. आम्ही गेलो तर समोर ही गर्दी. वर पाटी: 'ग्रहच चालवतात सूर्याचे डाग!' काका जवळ गेले आणि तिथेच थांबले. उजवी बाजू गायब होती.

"बाकीचा कागद कुठंय?"

"अहो, फ्रेममध्ये मावेना," सेक्रेटरी हसत म्हणाले. "शिवाय तिकडे तुमचं जुळतही नव्हतं. तुमच्या भल्यासाठीच कापलं."

"भल्यासाठी? मग मीही गिऱ्हाइकाला एकाच काचेचा चष्मा देतो!"

"लोक कौतुक करताहेत, घ्या की."

"मी स्वतः मोजलेली सगळी वर्षं तुम्ही कापलेल्या तुकड्यात होती. कौतुक कसलं घेऊ?"

माझंही डोकं फिरलं. गुरूच्या ओढीने सूर्याचा पृष्ठभाग मिलिमीटरभरही उचलला जात नाही. तरी काही शास्त्रज्ञ अजून या प्रश्नावर वाद घालताहेत. घालू देत, पण अख्खा कागद समोर ठेवून!

काकूने कचऱ्याच्या टोपलीतून चहाचे कप बाजूला सारत तो तुकडा काढला, तळव्याने सरळ केला. काकांनी फ्रेमच्या बाहेर, थेट भिंतीवर, रेघेला रेघ जुळवून तो चिकटवला.

"अहो, भिंतीचा रंग निघेल!" सेक्रेटरी ओरडले.

"निघू दे."

गर्दीतली एक बाई पुढे वाकली. "अय्या, इथे तर उलटंच आहे. मग वरची पाटी?"

"ती यांची," काका सेक्रेटरींकडे बोट दाखवत म्हणाले. "विचारा त्यांना."